वाटाण्याचा वेल आणि माकडाचा माणूस

दादासाहेब फाळके यांचे नाव आपल्याला 'राजा हरिश्चंद्र'मुळे ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईत लागला, हे सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी एक अगदी छोटी फिल्म केली होती. लंडनला जाऊन ते हे तंत्र शिकून आले होते, कॅमेराही मागवला होता, मात्र चित्रपटासाठी पैसे लावायला कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. ते सगळे जोडून पडद्यावर दाखवले तेव्हा मिनिटभरात दाणा फुटला, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल चढू लागला. फिल्मचे नाव होते 'अंकुराची वाढ'. ती पाहून काही जणांनी कर्ज देऊ केले आणि पुढचा इतिहास घडला.

याच फाळक्यांनी पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाची आणखी एक छोटी फिल्म केली. त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलताना दिसत. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो त्याची भारतातली सुरुवात इथे धरतात.

दोन्ही फिल्म एक-एक चित्र जोडून केलेल्या. तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटाणा खरोखरच वाढला होता. कॅमेऱ्याने ते पाहिले आणि घाईने सांगितले. काड्या मात्र स्वतःहून हलल्याच नव्हत्या; त्यांना माणसाच्या हाताने हलवले. एका फिल्ममध्ये घडलेले दिसते, दुसरीत घडवलेले दिसते. पाहणाऱ्याला मात्र दोन्हींत सारखीच हालचाल दिसते. वाचकहो, या महिन्याचा विषय या एका फरकावर उभा आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. शाळा उघडली की हा धडा समोर येतो. पूर्वी आम्ही तो फळ्यावर शिकवायचो. आता वर्गात प्रोजेक्टर आहे, आणि प्रोजेक्टर नसला तरी मुलांच्या घरी मोबाईल आहे. त्यामुळे धडा सुरू व्हायच्या आधीच निम्म्या वर्गाने 'जीवसृष्टीचा प्रवास' दाखवणारी कोणती ना कोणती ॲनिमेशन फिल्म पाहिलेली असते. अशा फिल्ममध्ये सर्वांत गाजलेली आहे ती अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या 'कॉसमॉस' या १९८० च्या मालिकेतली. मालिकेच्या दुसऱ्या भागात साध्या रेषांनी काढलेली चित्रे आहेत. एक पेशी, तिचा पुंजका, मग मासा, त्याला पाय, मग सरपटणारा प्राणी, मग केसाळ छोटा प्राणी, मग वानरासारखा, आणि शेवटी माणूस. चारशे कोटी वर्षे चाळीस सेकंदांत. रेषा कुठेच तुटत नाही. एकच आकार वितळत, ताणत, पुढचा होत जातो. मी ती वर्गात दाखवते. मुले एकदम गप्प होतात. दहावीचा वर्ग चाळीस सेकंद गप्प बसणे म्हणजे काय, हे शिक्षकांनाच कळेल.

फिल्म संपल्यावर एका मुलीने विचारले, "मॅडम, माशाला पाय फुटेपर्यंत तो किती दिवस काठावर बसला असेल?"

वर्ग हसला. मला मात्र वाटले, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. तिने जे पाहिले त्यावरून तिने काढलेला अर्थ चोख होता. एकच मासा आहे, त्यालाच पाय फुटतात, तोच पुढे बेडूक, पाल, माकड आणि माणूस होतो. तिच्या डोळ्यांपुढे फाळक्यांचा वाटाणा होता. तिने 'घडवलेली' फिल्म 'घडलेली' म्हणून पाहिली होती. वाढ एका जीवाची होते, त्याच्या एका आयुष्यात होते. उत्क्रांती एका जीवाची होतच नाही. कोणत्याही माशाला त्याच्या हयातीत पाय फुटले नाहीत, आणि कोणत्याही माकडाने सकाळी उठून आरशात माणूस पाहिला नाही. प्रत्येक पिढीतले पिल्लू आपल्या आईबापांच्याच जातीचे होते. फक्त लाखो पिल्लांत थोडा थोडा फरक असतो, त्यातली काही जगतात, काही मरतात, आणि कोणती जगली यावर पुढच्या पिढ्यांची घडण सरकत जाते. ते सरकणे इतके हळू, की चित्रकाराला ते दाखवायचे तर एकच आकार वितळवण्यावाचून उपाय नाही.

किती हळू, त्याचे गणित आम्ही वर्गातच केले. चाळीस सेकंदांत चारशे कोटी, म्हणजे एका सेकंदाला दहा कोटी वर्षे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे असतात असे धरले तर एका चित्राच्या वाट्याला जवळजवळ ४२ लाख वर्षे. आपली माणसाची जात साधारण तीन लाख वर्षांची. म्हणजे माणसाच्या साऱ्या कहाणीला, शेतीपासून स्मार्टफोनपर्यंत, एक आख्खे चित्रसुद्धा मिळत नाही. त्याचा चौदावा भाग मिळतो. डायनोसॉर संपले त्यानंतरचे सगळे शेवटच्या पाऊण सेकंदाच्या आत. आणि पहिली चौतीस सेकंदे? बहुतेक सारा वेळ डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. अशी प्रमाणशीर फिल्म कोणी काढली तर कोणी पाहणार नाही, म्हणून चित्रकार माशाला आणि माकडाला जास्त वेळ देतो. यात लबाडी नाही, नाइलाज आहे. पण तो नाइलाज मुलांना सांगायला हवा.

घोटाळा फक्त फिल्मचा नाही, आपल्या शब्दांतही आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्हीत शिकले, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. उर्दूत उत्क्रांतीला 'इर्तिका' म्हणतात. या अरबी शब्दाच्या मुळात चढणे आहे. 'तरक्की' त्याच घराण्यातला. मराठीत 'उत्क्रांती', त्यातही 'उत्' म्हणजे वर, पाऊल वर टाकणे. दोन्ही भाषांनी जिना गृहीत धरला आहे. खालच्या पायरीवर किडा, मधल्या पायरीवर माकड, वरच्या पायरीवर आपण. डार्विनने मात्र १८५९ च्या आपल्या पुस्तकात जिना काढला नव्हता, फांद्या फुटत गेलेले झाड काढले होते. झाडाच्या प्रत्येक जिवंत फांदीचे टोक सारखेच ताजे असते. आजचे माकड आपल्या खालच्या पायरीवर थांबून राहिलेले नाही. तेसुद्धा आपल्याइतकाच लांबचा प्रवास करून आजच्या दिवसापर्यंत आले आहे. चिंपांझीचा आणि आपला समाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे नातेच सांगायचे तर चिंपांझी आपला आजोबा नव्हे, फार फार लांबचा चुलत भाऊ.

टी-शर्टवर, जाहिरातीत, हसवणाऱ्या चित्रांत आपण वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची रांग पाहतो ना? ती रूढ झाली १९६५ च्या एका अमेरिकन पुस्तकातून. रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने घडीच्या लांब पानावर प्राचीन वानरे आणि मानव एकामागे एक चालताना काढले होते. ते एकमेकांचे बाप-बेटे आहेत असा त्याचा अर्थ नव्हता. पण चित्र जगभर गेले आणि अर्थ मागे राहिला.

आता जानेवारी २०१८ आठवा. आपल्या औरंगाबादला एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणीही पाहिलेले नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडले. त्यावर पुष्कळ हसणे झाले. मी हसले नाही, कारण हेच वाक्य मी पालकसभेत दरवर्षी ऐकते. मंत्र्यांचे आणि आमच्या पालकांचे एकमेकांशी बहुतेक बाबतीत पटणार नाही. या बाबतीत ते एका बाकावर बसतात. आणि दोघांचाही आक्षेप डार्विनवर नाहीच. तो त्या चाळीस सेकंदांच्या वितळणाऱ्या रेषेवर आहे. कोणी माकडाचा माणूस होताना पाहिला नाही, हे सोळा आणे खरे. तसे होते असे जीवशास्त्र म्हणतच नाही.

कळमनुरीकडचे एक शेतकरी पालक मला भेटायला आले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, हमारे बच्चों कू बंदर की औलाद पढारे क्या तुमे?" मुलीने घरी फिल्म दाखवली होती. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि कपाशीचे विचारले. पुढचे बोलणे दखनीतच झाले; इथे मराठीत देते.

"भाई, २०१७ ला कपाशीचं काय झालं होतं?"

"काय होणार? बोंडअळीनं खाल्ली. डोमकळ्या दिसल्या तेव्हाच समजलो. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी कापूस."

"बीटीला तर अळी लागत नव्हती ना?"

"सुरुवातीला नव्हती. नंतर अळी हुशार झाली."

हे 'हुशार झाली' मला हवे होते. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातलेले. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते खाल्ले की अळी मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० मध्ये गुजरातमधून बातमी आली की गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही. पुढे दुसऱ्यालाही देईना. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात हाहाकार झाला. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली.

एकही अळी हुशार झाली नव्हती. एकही अळी बदललीसुद्धा नव्हती. कोट्यवधी अळ्यांत थोड्या अशा जन्माला येत होत्या की त्यांना ते प्रथिन बाधत नव्हते. बीटी नव्हते तेव्हा या गुणाचा त्यांना काही फायदा नव्हता. शेतोशेत बीटी लागली आणि बाकीच्या मेल्या. उरल्या त्या याच. त्यांची पतंगांशी पतंग जोडी जमली, पुढची पिढी त्यांची झाली, तिच्या पुढची आणखी. एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होतात. वर आपण पाणी आहे म्हणून डिसेंबरनंतर फरदड घेतो, म्हणजे तिला आणखी दोन-तीन पिढ्यांची मेजवानी देतो.

आणि ते १२० ग्रॅमचे छोटे पाकीट आठवते का? ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर साध्या कपाशीचे पाकीट येत असे, बांधाच्या कडेने लावायला. बहुतेकांनी ते फेकून दिले. "दुकानदार म्हणाला लावा, पण का लावा ते कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. कारण हेच होते. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग त्या थोड्या चिवट पतंगांशी जुळावेत, आणि चिवट गुण पिढीत पातळ राहावा. ते पाकीट म्हणजे डार्विनचा धडाच होता, फक्त त्यावर तसे लिहिलेले नव्हते.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अळीचं पटलं. माझ्या रानात झालंय ते. पण मॅडम, आदम अलैहिस्सलामचं काय?"

हा प्रश्न टाळून चालत नाही, आणि त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहिते. मी आलिमा नाही. या प्रश्नावर मुसलमान विद्वानांत एकमत नाही. काही जण साऱ्या जीवसृष्टीची उत्क्रांती मान्य करतात आणि हजरत आदम यांच्यापाशी थांबतात, त्यांची निर्मिती वेगळी मानतात. काहींना यात कुठेच विरोध दिसत नाही. अल्लाहने कसे निर्माण केले त्याची ही पद्धत आहे, असे ते म्हणतात. काहींना सगळेच अमान्य आहे. हा विचार घरात व्हावा, जाणत्या उलेमांना विचारून व्हावा. मी वर्गात शिकवते ते शरीराविषयी आहे. आपला हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांत हाडांची ठेवण सारखी का? अक्कलदाढ कशासाठी? पाठीच्या कण्याच्या टोकाला ते हाड का, ज्याला आपल्या आज्यासुद्धा 'माकडहाड' म्हणत आल्या? माणसाची रूह, त्याची जबाबदारी, हलाल-हराम, हे त्या चाळीस सेकंदांत कुठेही नाही आणि असूही शकत नाही. कुरआन आपल्याला वारंवार जमिनीकडे, आकाशाकडे, जनावरांकडे पाहायला आणि विचार करायला सांगते. पाहण्याचा तास माझा आहे.

ते पुरते पटून गेले असे मी म्हणणार नाही. "बघतो" म्हणाले, आणि जाता जाता मुलीच्या अकरावीचे विचारले. सायन्सला घालावे का, हॉस्टेल मिळेल का. मला ते जास्त महत्त्वाचे वाटले.

इथे आपल्याच लोकांची एक खोड सांगते. आक्षेप घेणारे एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला मोबाईलवर फिरणारे संदेश की डार्विनच्या हजार वर्षे आधी मुसलमानांनी हा सिद्धांत शोधला होता. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझने 'किताबुल हयवान' हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. कोण कोणाला खातो, कोणत्या मुलुखात प्राणी कसे दिसतात, याची त्याची निरीक्षणे वाचण्यासारखी आहेत. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'मध्ये खनिज, वनस्पती, प्राणी, वानर आणि माणूस अशी साखळी मांडली. अभिमान जरूर बाळगावा. पण ती साखळी म्हणजे पुन्हा जिनाच आहे; कोण जगले, कोण मेले आणि त्यातून जात कशी बदलली, हे त्यात नाही. पूर्वजांना त्यांच्या कामाचे श्रेय द्यावे, दुसऱ्याच्या नको. त्यापेक्षा आजचे उदाहरण द्या. जॉर्डनच्या हाशिमी विद्यापीठात राना दजानी नावाच्या हिजाब घालणाऱ्या प्राध्यापिका आहेत. त्या मुसलमान विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकवतात, आणि का शिकवतात ते त्यांनी २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिले आहे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. एनसीईआरटीने कोविडनंतर ओझे कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग काढला. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे असे उत्तर मिळते, पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? तुर्कस्ताननेही २०१७ मध्ये शाळांच्या अभ्यासक्रमातून तो काढला होता. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा आहे. आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलींसाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवटचा तास असतो. पुढे त्यातली कोणी कपाशी लावेल, कोणी टीबीच्या रुग्णाला घरी औषध देईल. औषध अर्धवट सोडले की चिवट जंतू उरतात आणि मग तेच औषध चालत नाही, हाही त्याच धड्यातला मजकूर. आणि आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला 'लायगो' ही प्रचंड प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. कृष्णविवरांची धडक ऐकणाऱ्या त्या प्रयोगशाळेत हिंगोलीच्या मुलांनी फक्त गेटवर उभे राहायचे का, हे दहावीच्या वर्गात ठरते.

तेव्हा फिल्म दाखवू नका असे मी म्हणत नाही. दाखवा, पण शेजारी बसा. लहानांसाठी डिस्नेच्या 'फँटासिया'मधला एक भाग चांगला आहे. १९४० ची फिल्म, स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या रचनेवर काढलेली. तापलेली पृथ्वी, ज्वालामुखी, समुद्रातला पहिला जीव, मग डायनोसॉर. मूळ बेत माणसापर्यंत जायचा होता. धार्मिक मंडळी रागावतील म्हणून तो सोडला, असे त्या चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे ही भीती काही आपल्याच मोहल्ल्यातली नाही. त्यात टायरॅनोसॉरस आणि पाठीवर पाट्या असलेला स्टेगोसॉरस यांची पावसात जबरदस्त झुंज आहे. ती पाहून झाली की फिल्म थांबवा आणि मुलांना सांगा की ही झुंज होऊच शकत नव्हती. स्टेगोसॉरस सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस सात कोटींच्याही अलीकडचा. टायरॅनोसॉरसला काळाने स्टेगोसॉरसपेक्षा आपण जवळचे. मुलांना हे अजिबात खरे वाटत नाही. मग वजाबाकी करायला लावा.

फिल्मच्या शेवटी डायनोसॉर दुष्काळात तडफडून मरतात. दुष्काळ म्हटला की मराठवाड्याच्या मुलांना ते लगेच पटते. पण १९४० नंतर पुष्कळ शोध लागले. आता मुख्य कारण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आदळलेला अशनी मानतात, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हारस वाहत होता. थरावर थर, काही लाख चौरस किलोमीटरवर. विहीर खणताना लागतो तो काळा खडक तोच. त्याची झीज होऊन झाली ती आपली काळी माती, ज्या मातीत वसमतची हळद आणि कळमनुरीची कपाशी येते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते तपासले तेव्हा त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले. २००५ मध्ये हे जाहीर झाले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच असे समजत. आपल्या विदर्भातल्या शेणाने जगभरच्या चित्रकारांना चित्रे बदलायला लावली, हे ऐकून माझा वर्ग जितका हसतो तितका दुसऱ्या कशाला हसत नाही.

घरी प्रोजेक्टर नसेल, नेट नसेल, तरी अडत नाही. अडीच मीटरची एक ओढणी जमिनीवर पसरा. एक टोक म्हणजे पृथ्वीचा जन्म, ४५४ कोटी वर्षांपूर्वी. दुसरे टोक म्हणजे आज. एक कोटी वर्षांना साधारण साडेपाच मिलिमीटर पडतात. सजीवांच्या जुन्या खुणा पहिल्या टोकापासून साठ सेंटिमीटरच्या आतच सुरू होतात. डोळ्यांना दिसणारे नाना तऱ्हेचे प्राणी थेट शेवटच्या तीस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे वहीतल्या लांब पट्टीएवढ्या तुकड्यात. शेवटचे मोठे डायनोसॉर काठापासून साडेतीन सेंटिमीटरवर. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या ते काठापासून साडेतीन मिलिमीटरवर. आणि आपली सारी मानवजात, आदिमानवाच्या गुहांपासून या महिन्याच्या अंकापर्यंत, काठाच्या शेवटच्या एका धाग्यात. खुणा खडूने कराव्यात. आमच्या वर्गातल्या एकीने बॉलपेनने केल्या, आणि ओढणी तिच्या अम्मीची ईदची होती.